वाकडा रस्ता आखताना

त्या सकाळी साहेबांनी माझ्या मेजावर जो नकाशा ठेवला तो बघून मला वाटलं, काढताना त्यांचा हात हलला असावा.

मी डिचोलीला रस्त्यांच्या ऑफिसात ट्रेसर होते. अभियंत्याने पेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक कापडावर काळ्या शाईने उतरवून काढायचा, एवढंच माझं काम. गोवा मुक्त होऊन दहाएक वर्षं झाली असतील. आमच्याकडे रस्त्यांचा नुसता पाऊस पडत होता. पाणंद होती तिथे खडी, खडी होती तिथे डांबर. मी मूळची हळर्णची. आमच्या गावात डांबराची सडक आली तेव्हा माणसं चपला हातात घेऊन तिच्यावरून चालून बघत होती. त्या सडकेचा नकाशाही मीच उतरवला होता. आमच्या ऑफिसात रस्ता जितका सरळ तितका तो चांगला, यात कोणाला शंका नव्हती. खाणींकडे जाणारे रस्ते तर पट्टी ठेवून ओढल्यासारखे. माझ्या पट्टीची एक कड त्यामुळे झिजली होती.

सत्तरी तालुक्यातल्या रानात एका धबधब्याकडे जाणारा या नकाशातला रस्ता मात्र नुसता वळत होता. चढावर वळला असता तर समजण्यासारखं होतं. पण उंचीच्या रेषा लांब लांब होत्या, म्हणजे जागा सपाट होती, तिथेही तो डावीकडे जाऊन पुन्हा उजवीकडे येत होता. मी धीर करून साहेबांच्या टेबलाशी गेले.

"साहेब, इथे काहीतरी चुकलंय. सपाटीवर वळण आलंय."

"चुकलेलं नाही," ते म्हणाले. "मुद्दाम घेतलंय."

"का?"

"सरळ गेलं तर धबधबा लांबूनच दिसेल."

"मग चांगलंच ना?"

"लांबून दिसला की जवळ जाईपर्यंत तो जुना होतो."

साहेब घाटावरून बदलीवर आलेले. उंच, किडकिडीत, जाड चष्मा. कामाशिवाय फारसं न बोलणारा माणूस त्या दिवशी उठून कपाटातून एक मोठं पुस्तक घेऊन आला आणि माझ्यासमोर उघडून बसला. आत परदेशातल्या राष्ट्रीय उद्यानांतल्या रस्त्यांचे फोटो होते. डोंगराच्या अंगाला चिकटून गेलेले रस्ते, त्याच डोंगराच्या दगडाचे कठडे, आणि एके ठिकाणी बोगद्याच्या भिंतीला जनेल, म्हणजे खिडकी, पाडलेलं, त्यातून पलीकडची दरी दिसत होती. मी बोगद्याला जनेल कधी बघितलं नव्हतं.

साहेब सांगत होते, "आधी तिकडे घोडागाड्यांचे रस्ते होते. मग मोटारी आल्या. अभियंते म्हणाले, सरळ कापू. बागा आखणारे म्हणाले, सरळ कापलंत तर लोक बघायला काय येतील, तुमचा रस्ता? खूप भांडले. शेवटी दोघांना एका टेबलाशी बसवलं तेव्हा असे रस्ते झाले."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे राजेलोकांनी शिकारीसाठी रानात वाटा काढल्या. तुमच्या गोव्यात पोर्तुगीज काळी लाकूड ओढायच्या गाडीवाटा होत्या. बघण्यासाठी म्हणून रस्ता कोणी काढला नव्हता. आता अभयारण्य झालंय, माणसं येणार. त्यांना आत न्यायचं, आणि रानाला कळूही द्यायचं नाही, असा रस्ता हवा." मग चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही जागेवर चला एकदा. नुसतं कापडावर बघून हे समजायचं नाही."

मी हो म्हणून बसले. इतके रस्ते मी शाईने काढले होते, पण रस्ता व्हायच्या आधीची जागा एकदाही पाहिली नव्हती.

घरी मात्र आई ऐकेना. आम्ही तेव्हा डिचोलीला भाड्याच्या घरात राहत होतो, मी, आई आणि थोरला भाऊ. भाऊ खाणीवर मातीचा ट्रक चालवायचा.

"रानात तुजा काय काम?" आई म्हणाली. "कागद हापिसात आसा मा?"

"आई, जागा बघायला हवी."

"जागा काय पळान जाता?"

भाऊ पायांवरची तांबडी माती धूत होता. तिथूनच म्हणाला, "जांव दे तिका. सायब बरो मनीस." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चपला बाजूला सारून त्याने आपले कॅनव्हासचे बूट पुढे केले. पुढे कापड कोंबून मी ते घातले. आईने उंडे, म्हणजे आमच्याकडचे गोल पाव, आणि बटाट्याची भाजी बांधली, पण पुडी माझ्या हातात न देता भावाकडे दिली.

सत्तरीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंची तांबडी झाडं हळूहळू हिरवी होत गेली. खाणीच्या ट्रकांची धूळ तिथवर पोचत नव्हती. जिथे डांबर संपलं तिथून आम्ही चालायला लागलो. साहेब, खुंट्या आणि दोरी घेतलेली दोन माणसं, आणि हातात नकाशाची निळी प्रत घेऊन मी. पायांखाली जुनी गाडीवाट होती, चाकांनी दगडात घासून पाडलेले दोन चर अजून दिसत होते.

थोड्या वेळाने साहेब थांबले. "आता तुम्ही पहिल्या वळणात उभ्या आहात."

मी प्रतीवर बघितलं, मग आजूबाजूला बघितलं. मी फ्रेंच कर्व्हची लाकडी पट्टी फिरवून काढलेली ती बोटभर लांबीची कमान इथे एवढी मोठी होती, की तिच्या एका टोकाहून दुसरं टोक दिसत नव्हतं. आतल्या बाजूला किंदळाची झाडं, बाहेरच्या बाजूला उतार. पुढे काय आहे ते कळत नव्हतं, म्हणून पाय आपोआप पुढे पडत होते. मी साहेबांच्या पुढे निघून गेले होते हे मला मागून हाक आली तेव्हा कळलं.

"बघितलंत?" ते म्हणाले. "वळण माणसाला ओढतं."

पुढे डोंगराची एक सोंड आडवी आली होती. तिच्यावर दोन जुनी माट्टीची झाडं शेजारी शेजारी उभी होती, साल सुसरीच्या पाठीसारखी. नकाशातला रस्ता त्या सोंडेला लांबून वळसा घालत होता. आम्ही वळसा घालून चालत गेलो. आधी काही नव्हतं. मग गार वारा लागला. मग कुठेतरी पाणी वाजायला लागलं, आणि ते कुठे वाजतंय हे शोधता शोधता अचानक समोर ओहोळ, आणि वर काळ्या कड्यावरून उतरणारी पांढरी धार.

खुंट्यावाल्यांपैकी एकजण ओहोळात उतरून तोंड धुऊ लागला, तेव्हा कुठे मी प्रतीकडे पाहिलं. तिच्यावर धबधब्याच्या जागी मी एक साधी फुली मारलेली होती.

त्यानंतर माझं नशीब उघडलं. जागेवर खुंट्या सरकायच्या, कधी एखादं झाड वाचवायला, कधी खडक लागला म्हणून, आणि दर वेळी नकाशा दुरुस्त करावा लागायचा. साहेबांनी ठरवलं की नकाशाचा फळा घेऊन मीच जागेवर यायचं. आईने एकदा तक्रार करून बघितली, मग उंड्यांची संख्या वाढवली, कारण मी ते खुंट्यावाल्यांना वाटून देते हे तिला कळलं होतं.

डिसेंबर संपताना बुलडोझर आला. तो खाणीवरच्या एका कंत्राटदाराकडून भाड्याने आणलेला, आणि चालवणारा सावंतवाडीकडचा. गेली कित्येक वर्षं डिचोलीच्या खाणींवर डोंगर कापत होता. सगळे त्याला मामा म्हणायचे, म्हणून मीही. मामांनी पहिल्याच दिवशी खुंट्यांची ओळ बघितली आणि कपाळाला हात लावला.

"बाये, ह्यो रस्तो काय नागोबान काढल्यान?"

"साहेबांनी काढलाय, मामा."

"माका सांगा, खंय जावचा ता. दुपारपर्यंत सरळ कापून देतंय."

"सरळ नको आहे."

"सरळ नको," ते स्वतःशीच म्हणाले आणि मशीनवर चढले. पण माणूस कामाला चोख होता. खुंट्यांच्या ओळीबाहेर एक वीतभर जायचा नाही. फक्त प्रत्येक वळणावर इंजिन चालूच ठेवून मशीन उभं करायचा आणि ओरडून मला विचारायचा, "हय आता काय दिसतला?" मी सांगायची, अजून काही नाही. "मग कित्याक वळवलास?" असं म्हणून तो पुन्हा मशीन पुढे काढायचा.

फेब्रुवारीत साहेबांना ताप आला आणि ते आठवडाभर घरी राहिले. कंत्राटदाराच्या मुकादमाला घाई होती. पावसाच्या आत काम उरकून मशीन परत खाणीवर न्यायचं होतं. सोंडेचा वळसा कापायला पुष्कळ दिवस लागणार होते. सोंडेतून आरपार गेलं तर थोडक्यात भागलं असतं.

त्या सकाळी मी जीपमधून उतरले तेव्हाच मशीनचा आवाज नेहमीच्या जागेवरून येत नव्हता. मी धावले. बघते तर मामांचं मशीन सोंडेच्या कुशीत घुसलेलं, तांबड्या मातीचा मोठा घास काढून बाजूला टाकलेला, आणि वरच्या माट्टीच्या झाडांची मुळं उघडी पडलेली. मुकादम सावलीत विडी ओढत उभा होता.

"थांबवा," मी म्हटलं.

"साहेब आजारी आहेत," मुकादम म्हणाला. "मी सांगितलंय सरळ घ्यायला. तुम्ही नकाशा नंतर दुरुस्त करा. तेच काम ना तुमचं?"

माझं तेच काम होतं, हे खरं होतं. मी तशीच मातीच्या ढिगावरून चढून मशीनच्या समोर गेले आणि दोन्ही हात वर केले. मामा ओरडून काहीतरी म्हणाले, ते ऐकू आलं नाही. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

ते बंद झालं आणि रान एकदम जवळ आलं. कुठेतरी एक पाखरू बोलत होतं. आणि सोंडेच्या पलीकडून, अगदी बारीक, पाणी वाजत होतं.

मामा सीटवर तसेच बसून राहिले. मान वाकडी करून ऐकत होते. इतके दिवस ते या रानात होते, पण इंजिनाशिवाय नव्हते. जेवायलाही ते खाली मजुरांच्या तळावर जायचे.

"थय व्हाळ आसा?" त्यांनी विचारलं.

"धबधबा आहे, मामा. चला, दाखवते."

"मुकादम बोंबलतलो."

"बोंबलू दे. चला."

ते उतरले. आम्ही खुंट्यांच्या ओळीने, वळशावरून, चालत गेलो. मामा मध्येच थांबायचे, ऐकायचे, पुन्हा चालायचे. "हय आवाज मोठो जालो," ते म्हणाले. थोडं पुढे, "हय गेलो." आणखी पुढे, "परत इलो." शेवटचं वळण आलं तेव्हा ते माझ्या पुढे होते. धार दिसल्यावर त्यांनी डोक्याचा टॉवेल काढला, ओहोळात भिजवला आणि पुन्हा डोक्यावर ठेवला.

"सरळ घेतलो तर ह्या सगळा एकदम समोर येतला," ते म्हणाले.

"होय."

"मग मजा नाय."

परत आल्यावर मुकादमाने दोघांनाही वाटेल ते ऐकवलं. मामांनी किल्ली कमरेला खोचली आणि सांगितलं, "सायब येईसर मशीन चलाचा नाय." मुकादम तळावर निघून गेला. मी खाली बसून बुटांतली माती झटकली.

साहेब ताप उतरायच्या आधीच आले, मफलर गुंडाळून. त्यांनी सोंडेत पडलेला खड्डा बघितला, उघडी मुळं बघितली आणि मुकादमाला बोलावून घेतलं. मुकादमाला ते काय म्हणाले ते मी ऐकलं नाही, पण त्यानंतर तो माणूस पुन्हा दिसला नाही. वळसा ठरल्याप्रमाणेच जाणार, हे नक्की झालं. प्रश्न होता तो त्या खड्ड्याचा. रानाच्या कुशीत एवढी मोठी तांबडी जखम.

"मातीने भरून झाडं लावू," साहेब म्हणाले.

मी त्या सपाट झालेल्या जागेत जाऊन उभी होते. माती निघून गेल्यामुळे तिथून पश्चिमेचं सगळं उघडं पडलं होतं. खाली रानाची हिरवी गादी, पलीकडे पोफळीची कुळागरं, आणि अगदी लांब, दुपारच्या उन्हात, डिचोलीकडच्या खाणींचे तांबडे डोंगर.

"साहेब, इथे गाड्या थांबायला जागा करता येईल," मी म्हटलं. "भरून टाकण्यापेक्षा."

ते आले, बघितलं. जागा त्यांना आवडली, ते तोंडावरूनच कळलं. पण मग त्यांनी लांब बोट दाखवलं. "ते दिसतंय. त्याच्यासमोर बांबूचं बेट लावावं लागेल."

"का?"

"लोक रान बघायला येणार. त्यांना खाण कशाला दाखवायची?"

मी ऑफिसात त्यांच्याशी कधी वाद घातला नव्हता. पण त्या आठवड्यात माझं काहीतरी सुटलं होतं. मी म्हटलं, "माझा भाऊ तिथे ट्रक चालवतो. मामा तिथूनच आले. हे मशीनही तिथूनच आलंय. बघायला येणारी अर्धी माणसं तिथलीच असतील. त्यांना वाटेल, आमचं घर झाकून ठेवलंय."

आमच्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या मामांनी खाणीकडे बघत हळूच सांगितलं, "तो मधलो डोंगर, तो माझो. मी कापलंय." त्यात अभिमान होता की आणखी काही, ते मला आजही सांगता येणार नाही.

साहेबांनी बांबू लावला, पण दोन्ही बाजूंना. मध्ये मोकळी जागा ठेवली. कठड्यासाठी गवंडी जांभ्याचे चिरे मागत होते, आमच्याकडे घरापासून विहिरीपर्यंत सगळं चिऱ्यांचंच. साहेबांनी त्यांच्याकडून रस्ता कापताना निघालेले काळे वेडेवाकडे दगड रचून घेतले. गवंड्यांना ते काम करायला लाज वाटत होती. पूर्ण झाल्यावर मात्र त्यातला एकजण घरच्यांना घेऊन बघायला आला.

पुढचा पावसाळा सरला आणि रस्ता खुला झाला. खाणीवरच्या लोकांनी दिवाळीनंतरच्या रविवारी एक बस ठरवली, भावाने आईची आणि माझी जागा धरली. आईने नवं लुगडं नेसलं. रान सुरू होईपर्यंत ती शेजारणीला सांगत होती, हा रस्ता आमच्या बायने काढला. पहिली दोन वळणं तिने सहन केली. तिसऱ्याला तिने डोळे मिटले आणि लिंबू हुंगायला घेतलं.

"गो बाय, इतको वाकडो कित्याक केलास?" ती म्हणाली. "पट्टी नव्हती काय हापिसात?"

सगळी बस हसली. मीही हसले, पण माझं लक्ष पुढे होतं. आमच्या थांब्यावर बस उभी राहिली. माणसं उतरली, कठड्याला टेकली, आणि एकाच वेळी सगळ्यांची बोटं लांबवर गेली. "ती बघ आमची खाण." "ती न्हय, ती बाजूची." "एवढीशी दिसता?" भाऊ कठड्याला टेकून तिकडेच बघत होता. रोज त्या डोंगराच्या पोटात फिरणारा माणूस पहिल्यांदाच तो बाहेरून बघत होता.

मग बस सोंडेला वळसा घालू लागली. मी ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं, इथून हळू. खिडक्या उघड्या होत्या. बोलणं हळूहळू कमी झालं. आईने लिंबू खाली ठेवलं.

"पाणी वाजता," ती म्हणाली.

ती चोपड्याची, खाडीच्या काठावर वाढलेली. पाण्याचं तिला कोणी सांगायला लागत नव्हतं. शेवटच्या वळणावर सगळी बस उजव्या बाजूच्या खिडक्यांशी जमली. पावसाळ्यानंतरची धार होती, मी फेब्रुवारीत पाहिली होती तिच्या कितीतरी पट रुंद. आई उतरून ओहोळाशी गेली, ओंजळभर पाणी प्यायली आणि मला विचारलं, हे पाणी पुढे चोपड्याला जातं का? मी सांगितलं, नाही आई, हे मांडवीला मिळतं. तिचा थोडा विरस झाला. पण परतीच्या वाटेवर तिने डोळे मिटले नाहीत.

मामा त्या बसमध्ये नव्हते. मशीन परत खाणीवर गेलं तसे तेही गेले होते. पुढे एकदा डिचोलीच्या बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, पोरांना घेऊन जाऊन आलो, सोंडेपाशी गाडी बंद करून सगळ्यांना चालत नेलं.

मी त्यानंतर जनेलापाशी बसून नुसते नकाशे उतरवू शकले नाही. साहेबांची बदली होण्याआधी त्यांच्याकडे जाऊन मी म्हटलं, मला जागेवरचं काम द्या. बाईमाणसाला ते द्यायचं कसं, यावर वर बरीच चर्चा झाली म्हणतात. अखेर मला ड्राफ्ट्समन केलं आणि पहिलंच काम दिलं ते पेडण्यात, केरीच्या सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या पठारावरून, तेरेखोलच्या फेरीबोटीकडे उतरणाऱ्या रस्त्याची आखणी.

सकाळी लवकरच आम्ही सड्यावर पोचलो. ऊन कोवळं होतं, वारा सुटलेला, गवत पिवळं पडलेलं, आणि सड्याच्या कडेपलीकडे समुद्र आहे हे फक्त वासावरून कळत होतं. पहिली खुंटी मी स्वतः ठोकायची ठरवली. हातोडा मारला, खुंटी बाजूला उडाली. दुसरी मारली, तिचं टोक चेपलं. सगळा सडा म्हणजे एकच अखंड तांबडा कातळ. बरोबरचे हसायला लागले. मग कोणीतरी खाली गावात जाऊन चुन्याची पिशवी आणली आणि आम्ही मुठीमुठीने चुना टाकत रेषा ओढायला सुरुवात केली. समुद्राचा वारा तो चुना उचलून माझ्याच तोंडावर टाकत होता. कडेपर्यंत पोचलो तेव्हा मी केसांपासून बुटांपर्यंत पांढरी झाले होते आणि खाली केरीची वाळू, फेरीबोट, पलीकडचा किल्ला सगळं एकदम दिसत होतं. मी जरा वेळ बघितलं आणि माणसांना म्हटलं, रेषा पुसा, अजून थोडी डावीकडे घेऊ.